हिरवी टोपी

आमच्या लोकांना या देशात नोकरी लावून द्यायची म्हणजे आधी त्यांच्या तोंडातली नम्रता ओढून काढावी लागते. वीस वर्षं स्वतःचं हॉटेल चालवलेला माणूस, साहेबाने विचारलं, "स्वयंपाक येतो का?" तर मान खाली घालून सांगणार, "थोडाफार." झालं! साहेबाला काय स्वप्न पडणार आहे? तो म्हणतो थोडाफार येतो तर घरी जा. असले नग मी रोज घडवते. ओरडून, टोमणे मारून, कधी हातातलं पुस्तक टेबलावर आपटून. मी गुआन पेईचन. स्कारबरोला दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर आमचं केंद्र आहे, तिथे मी नव्याने आलेल्यांचा नोकरीचा वर्ग घेते. आचारी येतात, नर्सा येतात, इंजिनिअर येतात, विद्यापीठात शिकणारी आणि घरभाड्याने घायकुतीला आलेली पोरं येतात. सगळे मला 'बाई' म्हणतात. मी तिएनजिनहून आले तेव्हा मला शिकवणारं कुणी नव्हतं, त्याचा वचपा मी यांच्यावर काढते असं माझा नवरा हयात असताना म्हणायचा.

कांग देशुन माझ्याकडे आला तो बर्फ वितळायच्या सुमाराला. जिउजियांगच्या शाळेत कवायतीचा मास्तर होता. उंच, खांदे रुंद, आवाज असा की खालच्या मजल्यावर दात काढून घेणारा माणूस दचकून उठावा. पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं, "मी साहेब आहे, स्वतःची ओळख करून दे." हा गडी टाचा जुळवून उभा राहिला आणि असा गरजला की मागच्या बाकावरच्या पोरी हसून हसून लाल झाल्या.

"अरे, मला नोकरी द्यायचीय तुला, शरण नाही यायचं!" मी म्हटलं.

तोही हसला. हसरा माणूस होता तो तेव्हा.

वर्ग सुटल्यावर तो खुर्च्या लावायला थांबायचा. एकदा मी विचारलं, कसली नोकरी हवी? तर म्हणाला, "बाई, कसलीही. मला दार असलेली खोली हवीय." तो राहायचा एका तळघरात, चौघांत एक खोली, मध्ये पडदे लावलेले. त्याला एक मुलगी, निंगनिंग, नऊ वर्षांची. ती आईजवळ, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मिसिसागाला होती. "बायको तिकडे नोकरीला आहे," एवढंच तो म्हणाला होता. "माझी नोकरी पक्की झाली, खोली मिळाली, की निंगनिंग माझ्याकडे राहायला येणार. तसं ठरलंय. एका म्हातारीची खोली बघूनही ठेवलीय. ती म्हणते नोकरी पक्की झाल्याचं दाखव आणि किल्ली घेऊन जा."

आता, बायकोशी असं ठरवावं का लागतं, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या बाईला पडला असता. मला नाही पडला. मी त्याच्या आवाजाची पट्टी खाली आणण्यात गुंतले होते. शिवाय त्याची बायको शुएयिंग माझ्या ओळखीची होती. त्याच्या आधी सहा महिने ती माझ्या वर्गात होती, हुशार, नीटनेटकी, आणि लाजाळू. मीच तिला म्हटलं होतं, या देशात हातात लायसन्स नसलं तर माणूस पांगळा, आणि मीच तिला माझ्या धाकट्या भावाकडे गाडी शिकायला पाठवलं होतं. पेईलिन, आमचा लिन, नव्या लोकांना गाडी शिकवतो. माझ्या वर्गातली निम्मी माणसं त्याच्याकडे जातात. त्याचा धंदा चालतो तो माझ्यामुळे, हे तो नाकारणार नाही.

देशुनला मी नोकरी लावून दिली ती झाडांच्या मोठ्या दुकानात. रोपं, कुंड्या, माती, खत. तिथली व्यवस्थापक शेरिल, पन्नाशीची, उन्हाने रापलेली, मनाने सरळ बाई. मला फोनवर म्हणाली, "वसंत आला की माझी अर्धी गिऱ्हाइकं तुमचे लोक. लसणीची पात मागतात, घोसाळी मागतात, दुधी मागतात, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पुढच्या काउंटरवर उभा राहून त्यांच्याशी बोलेल असा माणूस दे." मी देशुनला दिला. तीन महिने चाचणी, मग पक्का.

आठवड्याने तो वर्गात आला तो पडलेल्या तोंडाने. वर्ग भरलेला होता. मी म्हटलं, "काय रे, साहेबीण बरी आहे ना?"

"बरी आहे बाई." तो पुढे आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्याशी नंतर बोलू?"

"नंतर काय? इथे सगळे आपलेच आहेत. यांनाही उपयोग होईल. बोल."

त्याने पिशवीत हात घातला आणि टोपी थोडीशी वर काढली. दुकानाची टोपी. हिरवीगार.

आम्हा चिनी माणसांत पुरुष हिरवी टोपी घालत नाही. घातली तर त्याचा अर्थ एकच, त्याची बायको दुसऱ्याकडे जाते. का आणि कशावरून, ते मला विचारू नका. शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. मी तीस वर्षं इथे असून मलाही ती टोपी बघून आधी हसूच आलं.

"मी खिशात ठेवत होतो," तो म्हणाला. "काल शेरिलने सांगितलं, उद्या टोपी डोक्यावर नसेल तर घरी जा. बाई, तुम्ही तिला एक फोन कराल? टोपी सोडून काहीही. सगळी मातीची पोती एकटा उचलीन."

आणि मी, कपाळ माझं, मी पेटले. हे असले जुनेपुराणे चोचले घेऊन हे लोक समुद्र ओलांडतात आणि मग म्हणतात इथे आपल्याला कुणी पुढे येऊ देत नाही. मी त्याच्या पिशवीतून टोपी ओढून घेतली आणि सगळ्या वर्गासमोर वर धरली.

"बघा रे! हे कवायतीचे मास्तर. एवढा थोराड गडी, आणि कशाला घाबरला? कापडाला!"

वर्ग हसेल अशी माझी अपेक्षा होती. कुणी हसलं नाही. पुढच्या बाकावरची नर्स वहीत काहीतरी लिहू लागली. मागे दोघा पोरांनी एकमेकांकडे बघून ओठ चावले. मला वाटलं, हेही सगळे मनातून तसलेच मागासलेले, आता यांनाही धडा देते.

"देशुन," मी म्हटलं, "ज्याची बायको जागेवर आहे त्याला हिरवी टोपी काय आणि जांभळी काय! तुझ्या बायकोला बघ. माझ्या भावाकडे गाडी शिकली, पहिल्या झटक्यात पास झाली, मिसिसागाला नोकरी धरली. ती कुठल्या कुठे गेली पुढे, आणि तू टोपीपाशी अडून बसलायस. घाल."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं असतं तर! मला वाटलं, हट्टीपणा.

"घाल म्हणते ना. इथेच घाल. एकदा चारचौघांत घातलीस की भीती मोडेल."

"बाई, इथे नको," तो म्हणाला.

"इथेच!"

त्याने टोपी घेतली आणि डोक्यावर ठेवली. मी त्याला गिऱ्हाईक आल्यावर बोलायची वाक्यं म्हणायला लावली. नमस्कार, आज काय शोधताय, अजून काही मदत करू का. त्याने सगळी म्हटली, एकही चूक न करता. मी टाळी वाजवली. माझी एकटीचीच टाळी.

त्यानंतर तो वर्गाला आला नाही. नोकरी चालू असेल, वेळ मिळत नसेल, असं मी धरून चालले. मनातून थोडी खूषही होते, की आपण एकाची गाठ सोडवली.

मे महिना अर्धा झाला होता. केंद्रातल्या स्वयंपाकघरात लोंगमावशी डम्पलिंग वळत होती आणि मी कडेला बसून चहा पीत होते. लोंगमावशी आमच्या केंद्राची आचारीण, सत्तरीची, जिभेला हाड नाही, पण मनाने आईच. तिने पिठाचे हात पुसले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे बघितलंस?"

गावाकडच्या बायकांचा कसला तरी गट होता, त्यात एक फोटो. देशुन, काउंटरमागे, हिरवी टोपी, हातात घोसाळ्याची रोपं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'टोपी अगदी मापाची बसलीय.' त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांगच रांग.

मी हसले. खोटं कशाला बोलू? फस्सकन हसले, चहा सांडला.

लोंगमावशीने मोबाइल मागे घेतला. "तू हसतेस?" ती म्हणाली. "पेईचन, तू?"

"अगं मावशी, बिचाऱ्याचा चेहरा बघ ना कसा..."

"सगळ्यांनी हसावं, तू हसावंस?" ती माझ्याकडे अशी बघत होती की माझं हसू आपोआप आटलं. "का तुला खरंच माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

तिने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. "त्याची बायको कुठे राहते?"

"मिसिसागाला."

"आणि तुझा लिन?"

लिन गेल्या हिवाळ्यात मिसिसागाला राहायला गेला होता. तिकडे शिकायला येणारे जास्त आहेत, म्हणाला होता. मी त्याला नवीन कुकर घेऊन दिला होता. तो कुकर द्यायला मी गेले तेव्हा त्याने दारातूनच घेतला, घर आवरलेलं नाही म्हणून.

लोंगमावशीच बोलत होती. दोघं एकाच घरात राहतात. निंगनिंग पण. लिन तिला रोज शाळेत सोडतो. सगळ्यांना माहीत आहे, भाजीवाल्याला, न्हाव्याला, वर्गातल्या प्रत्येकाला.

"सगळ्यांना?" मी विचारलं.

"तू त्याला टोपी घालायला लावलीस, त्या दिवशी वर्गात बसलेल्या सगळ्यांना."

मला अंगावर कुणी उकळतं पाणी ओतल्यासारखं झालं. मी बोललेला शब्द न् शब्द कानात वाजायला लागला. ज्याची बायको जागेवर आहे त्याला. माझ्या भावाकडे गाडी शिकली. कुठल्या कुठे गेली पुढे. आई गं! आणि तो माणूस माझ्यासमोर उभा राहून वाक्यं म्हणत होता आणि मी टाळ्या वाजवत होते.

"मला कुणी सांगितलं का नाही?" मी म्हटलं. रडायलाच आलं होतं.

"तुला कोण सांगणार?" लोंगमावशी म्हणाली. "शिफारशीची चिठ्ठी तुझी, फोन तुझा, साहेबाला ओळखणार तू. तुझ्या भावाचं नाव घेऊन तुझ्या वाकड्यात कोण शिरेल? मला वाटायचं तुला ठाऊक आहे आणि तू भावाला पाठीशी घालतेस. सगळ्यांना तसंच वाटतं."

म्हणजे त्यांना वाटत होतं, मी ते मुद्दाम केलं. भावाने बायको नेली आणि बहिणीने वर टोपी घातली. मावशीने माझ्यापुढे डम्पलिंगची बशी सरकवली. मी ती तशीच परत सरकवली.

लिनला मी त्याच दिवशी बोलावून घेतलं. तो आला, बूट काढले, संत्र्यांची पिशवी टेबलावर ठेवली, नेहमीसारखा. पंचेचाळीस वर्षांचा घोडा, आणि अजून माझ्याकडे आला की फ्रिज उघडून बघतो. मी म्हटलं, "शुएयिंग तुझ्याकडे राहते?"

त्याने फ्रिजचं दार बंद केलं. "तुला सांगणारच होतो, ताई."

"कधी? बारशाला?"

"अगं, तिचं आणि त्याचं आधीपासूनच पटत नव्हतं. तो सारखा गप्प बसायचा. ती इथे एकटी, मी एकटा. आणि तूच तर तिला पाठवलीस माझ्याकडे."

"गाडी शिकायला पाठवली होती, हलकटा!"

"मी काही जबरदस्ती केली नाही. मुलीचंही बघतो मी. डबा मी भरतो तिचा, विचार हवं तर. आणि शुएयिंगने त्याला शब्द दिलाय, नोकरी पक्की झाली की पोरगी त्याच्याकडे राहील. आम्ही काही राक्षस नाही." मग त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "फक्त टिकतो का बघू. ती टोपी..."

तो हसला, हो. अगदी मी हसले होते तसाच, फस्सकन. मी उठून त्याच्या कानाखाली वाजवली. बाबा गेल्यापासून त्याच्यावर पहिल्यांदा हात उगारला. तो गाल धरून उभा राहिला आणि मला एवढंच जाणवलं की हा हसतो माझ्यासारखा, चेहराही माझ्यासारखा, आणि मी याला लाडावून ठेवलाय तो माझ्याच हाताने.

"जा," मी म्हटलं. "संत्री घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडांच्या दुकानात गेले. आठवड्याचा मधला वार होता, गर्दी नसणार होती. वाटेत बसमध्ये मी मनाशी घोकत होते, शेरिलला काय सांगायचं. टोपीचं काहीतरी कारण काढू, दुसरी टोपी मिळवू, देशुनची माफी मागू. माफी कशी मागायची ते मला सुचत नव्हतं. मी लोकांना ती न मागायला शिकवते.

देशुन काउंटरवर नव्हता. मागे मातीच्या पोत्यांपाशी होता, पाठमोरा, आणि डोक्यावर ती हिरवी टोपी. माझ्या शब्दाखातर घातलेली. मी त्याच्याकडे जाणार तेवढ्यात शेरिल समोर आली.

"बरं झालं तू आलीस," ती म्हणाली. "मी तुला फोन करणारच होते. चांगला माणूस आहे गं, कष्टाळू आहे, पण मी त्याला पुढच्या काउंटरसाठी घेतलाय आणि तो मागे जाऊन लपतो. पुढे उभा केला की मान वर करत नाही. तुमचे लोक त्याच्या रांगेत उभे राहतात आणि आपसांत हसतात. मी या आठवड्याअखेरीला त्याला मोकळा करणार होते."

नोकरी गेली की खोली गेली, खोली गेली की मुलगी. "त्याचा दोष नाही," मी म्हटलं. "टोपीचा आहे."

"टोपीचा?"

"रंगाचा. आमच्यात हिरवा रंग अशुभ असतो."

शेरिलने आजूबाजूला पाहिलं. जिकडे तिकडे हिरवंच होतं, आणि त्यातलं निम्मं आमचेच लोक विकत नेत होते. आणि मग तिने हाक मारली, "डेशून! इकडे ये." आणि मला म्हणाली, "त्याच्याबद्दल बोलायचं तर त्याच्यासमोर बोलू. तू आहेस मध्ये बोलायला."

तो आला. मला बघून थबकला, मग मान लववून म्हणाला, "बाई." मला वर बघवेना. मी त्याच्या बुटांवरच्या मातीकडे बघत होते. एवढ्या लोकांसाठी मी दुभाषी म्हणून उभी राहिलेय, दवाखान्यात, कोर्टात, शाळेत. कधी जीभ अडखळली नाही.

"हं, आता खरं काय ते सांग," शेरिल म्हणाली. "टोपीचं काय आहे?"

मी सांगितलं. इंग्रजीत, हळू आवाजात, जणू मोठ्याने म्हटलं तर खरं होईल. पुरुषाने हिरवी टोपी घातली की लोक काय म्हणतात ते सांगितलं.

शेरिलचा चेहरा एकदम मोकळा झाला. ती हसली, वाईट मनाने नव्हे. "एवढंच ना? मग ही तर थट्टा झाली! मला वाटलं काहीतरी भयंकर आहे. अगं, खरं असतं तर गोष्ट वेगळी. खरं थोडंच आहे? त्याने पण उलट चार शब्द सुनवावेत आणि हसावं." तिने देशुनच्या दंडावर थोपटलं आणि मला म्हणाली, "विचार ना त्याला. खरं नाहीये ना, म्हणावं?"

मी देशुनकडे वळले. आता काय विचारू? माझ्या भावाचं नाव माझ्या तोंडून निघू नये, या परक्या बाईसमोर आमच्या घराची अब्रू जाऊ नये, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. त्याची माफी मागायला आलेली मी! मी आमच्या भाषेत म्हटलं, "ती विचारतेय, तुला तपकिरी टोपी चालेल का."

देशुनने माझ्याकडे पाहिलं. त्याचं इंग्रजी मीच पक्कं करून घेतलं होतं. तिने काय विचारलं आणि मी काय सांगितलं, दोन्ही त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे मलाही कळलं. तो रागावला नाही. मला वाटतं, त्याला माझी लाज वाटली. माझ्याकरता.

मग तो शेरिलकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "खरं आहे." जरा थांबला. हाताने माझ्याकडे दाखवलं, मोठ्या माणसाकडे दाखवावा तसा उघडा हात करून. "यांचा भाऊ."

मागे कुणीतरी पाण्याचा पाइप सोडून ठेवला होता, त्याचं पाणी फरशीवरून आमच्या पायांपर्यंत आलं. शेरिलने माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि परत पाहिलं नाही. ती आत गेली. उन्हाळ्यात विकायला ठेवतात त्या गवती हॅटांपैकी एक घेऊन आली, किमतीचा कागद तसाच लटकत होता. तिने देशुनसमोर हात पुढे केला. त्याने हिरवी टोपी काढून तिच्या हातात दिली. इतके दिवस घालून त्याच्या कपाळावर वळ उठला होता.

"ही घाल," ती म्हणाली. "आणि पुढे ये. पुढे उभा राहशील?"

"राहीन."

"मग चाचणी संपली. दुपारी कागदावर सही करून देते. आणि तुझ्या रांगेत जो हसेल त्याला मी बघते." ती माझ्याशी न बोलता निघून गेली.

आता आम्ही दोघंच होतो. मला वाटलं होतं मी रडेन, त्याचे हात धरेन, काहीतरी म्हणेन. शेकडो लोकांना मी बोलायला शिकवलंय. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "मला माहीत नव्हतं रे."

"नंतर कळलं मला ते," तो म्हणाला. "त्या दिवशी वर्गात वाटलं होतं, माहीत आहे."

"आणि तरी घातलीस?"

"तुम्ही सांगितलंत." त्याने हॅटचा कागद तोडला आणि खिशात घातला. "आणि निंगनिंग यायची होती."

मी फरशीवरच्या पाण्यातून एक पाऊल मागे सरले.

"बाई," तो म्हणाला. अजूनही बाईच म्हणाला. "आज कागद मिळाला की म्हातारी किल्ली देईल. रविवारी निंगनिंगला आणतो. तुमच्या भावाला एवढं सांगाल? गाडीने सोडायला येऊ नको म्हणावं. मी जाऊन घेऊन येईन तिला, बसने."

"सांगते," मी म्हटलं. "सांगते. आणखी काही... खोलीला काही सामान लागलं, पलंग, गादी, केंद्रात खूप पडलंय, मी पाठवून देते. मुलीच्या शाळेचं बघायचं असेल तर..."

"नको बाई," तो म्हणाला, आणि पुन्हा मान लववली, नीट, कमरेतून. "तुम्ही खूप केलंत."

टोमणा नव्हता तो. वर्ग संपताना सगळे मला हेच म्हणतात, मीही आजवर हसून मान डोलावत आलेय. त्याच्याकडेही दुसरे शब्द नव्हते. काउंटरपाशी आमच्यातलीच एक बाई घोसाळ्याची रोपं घेऊन येऊन थांबली होती, तो तिच्याकडे गेला. मी फाटकातून बाहेर पडले आणि लिनला फोन लावला.